यहुदी धर्माचा परिचय : ग्रंथ हरपले, व्रत उरले

गेल्या चातुर्मासातील अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने आम्हांस असा प्रश्न केला की, पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते ससून कोण? पारशी की इंग्रज? ते यहुदी होते असे सांगताच दुसरा प्रश्न पुढे आला : यहुदी म्हणजे कोण, आणि ते कोणत्या देवाला भजतात? जमलेल्यांपैकी कोणासही समाधानकारक उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही त्या दिवशी मोघम बोलून वेळ निभावून नेली. त्या मोघमपणाची रुखरुख लागून राहिली, तिचेच फळ म्हणजे प्रस्तुत लेख होय. ज्या धर्माचे अनुयायी शेकडो वर्षे आपल्याच कोकणात राहिले, आपलीच मराठी बोलले, आपल्याच कीर्तनाची चाल घेऊन आपल्या संतपुरुषांची चरित्रे गात आले, त्यांच्याविषयी आपण अनभिज्ञ असावे ही गोष्ट भूषणावह नव्हे.

१. मूळ पीठिका

यहुदी धर्म हा जगातील अतिप्राचीन धर्मांपैकी एक आहे. आज त्याचे अनुयायी सर्व जगात मिळून सुमारे दीड कोटीच आहेत. तथापि ख्रिस्ती व इस्लाम या दोन मोठ्या धर्मांचे मूळ याच धर्मात असल्यामुळे त्याचे महत्त्व संख्येवरून मोजता येत नाही. यहुद्यांचा मूळ पुरुष आब्राहाम. त्याचा पुत्र इसहाक व इसहाकाचा पुत्र याकोब. याकोबालाच इस्राएल असे दुसरे नाव मिळाले, आणि त्याची संतती ती 'बेने इस्राएल', म्हणजे इस्राएलची मुले. ही संतती पुढे मिसर देशात दास्यात पडली. मोशे नावाच्या द्रष्ट्याने तिला त्या दास्यातून सोडविले आणि सीनाय पर्वतावर ईश्वराकडून मिळालेले धर्मशास्त्र तिच्या हाती दिले, अशी यहुद्यांची श्रद्धा आहे.

यरुशलेम नगरी हे त्यांचे परम पवित्र क्षेत्र. तेथील पहिले मंदिर इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबेलच्या राजाने उद्ध्वस्त केले. पुन्हा बांधलेले दुसरे मंदिर इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जाळले. तेव्हापासून आजतागायत यहुद्यांचे मंदिर असे उरलेले नाही. यज्ञयाग बंद पडले, पुरोहितवर्गाचे कार्य संपले आणि समाज देशोधडीस लागला. अशा स्थितीत एखादा धर्म नामशेष व्हावयाचा. परंतु यहुद्यांनी यज्ञाच्या जागी प्रार्थना, वेदीच्या जागी घरातील भोजनाचे पान आणि पुरोहिताच्या जागी अध्ययन करणारा गृहस्थ यांची स्थापना केली. मंदिर गेले ते घरात आले. या धर्माच्या चिवटपणाचे मर्म याच गोष्टीत आहे, आणि पुढे कोकणातही आपणांस तेच आढळेल.

२. श्रद्धा

यहुदी श्रद्धेचे सार एका वाक्यात सांगता येते : ईश्वर एक आहे, तो निराकार आहे आणि त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाचीही उपासना करू नये. हाच आशय असलेला 'शेमा' नावाचा मंत्र श्रद्धावान यहुदी सकाळी व रात्री म्हणतो, आणि मरणसमयीही तोच मुखी यावा अशी त्याची इच्छा असते. ईश्वराचे मूळ नाम इतके पवित्र मानतात की ते उच्चारीत नाहीत. त्याऐवजी 'प्रभू' या अर्थाचा शब्द योजतात.

आमच्या जुन्या हुबळीत श्रीसिद्धारूढ स्वामींच्या मठामुळे अद्वैत विचाराचे वातावरण आहे. तेव्हा 'एकच ईश्वर' हे शब्द ऐकून आमच्या वाचकांस वाटेल की हा तर आपलाच सिद्धान्त. येथे थोडे थांबावयास हवे. अद्वैतात जीव व ब्रह्म हे तत्त्वतः भिन्न नाहीत. यहुदी मतात ईश्वर स्रष्टा आणि जग सृष्टी. त्या दोहोंतील भेद कधीच पुसला जात नाही. मनुष्याने ईश्वराशी एकरूप व्हावे असे तो धर्म सांगत नाही. त्याने ईश्वराशी केलेल्या कराराला जागावे असे सांगतो. या कराराच्या कल्पनेस त्यांच्या धर्मात फार मोठे स्थान आहे. साम्य पाहावे, परंतु साम्याच्या भरात भेद झाकू नये. हाच खरा आदर होय.

बाराव्या शतकातील महापंडित मोशे बेन मैमोन (मृत्यू इ. स. १२०४) याने यहुदी श्रद्धेची तेरा सूत्रे मांडली. ईश्वराचे एकत्व व निराकारत्व, शास्त्राचे ईश्वरप्रणीतत्व, कर्माचे फळ, भावी मसीहाचे आगमन व मृतांचे पुनरुत्थान ही त्यांपैकी मुख्य होत. मात्र यहुदी धर्मात श्रद्धेपेक्षाही आचारावर भर अधिक. शास्त्रातील आज्ञा परंपरेने ६१३ गणल्या आहेत : २४८ विधी व ३६५ निषेध. धर्मांतरासाठी प्रचार करण्याची त्यांची रीत नाही. कोणत्याही राष्ट्रातील सदाचारी मनुष्य परलोकाचा अधिकारी आहे, असे त्यांचे शास्त्रकार मानतात.

३. ग्रंथ

त्यांचा मूळ धर्मग्रंथ 'तोरा', अर्थात मोशेचे पाच ग्रंथ. त्यास प्रवक्त्यांचे ग्रंथ व इतर लेखन जोडून 'तनख' हा संपूर्ण ग्रंथसंग्रह होतो. याशिवाय एक मौखिक परंपरा होती. ती इ. स. २०० च्या सुमारास 'मिश्ना' या नावाने ग्रथित झाली. तिच्यावरील विस्तृत चर्चेतून 'तलमूद' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध झाला. आपल्याकडे श्रुती, स्मृती, भाष्य व टीका अशी जी परंपरा आहे तिची आठवण यावरून होते. तलमुदाचा विशेष असा की, त्यात हरलेल्या पक्षाचे मतही जपून ठेवलेले असते; पुढील पिढीस ते उपयोगी पडेल अशी त्यामागील दृष्टी.

हिल्लेल नामक आचार्याची एक कथा तलमुदात आहे. आपण एका पायावर उभे असेपर्यंत सारा धर्म सांगा, असे एका परक्याने त्यास आव्हान दिले. हिल्लेलाने न रागावता सांगितले की, जे स्वतःस दुःखद वाटते ते दुसऱ्यास करू नये. बाकी सर्व त्यावरील भाष्य आहे, ते जाऊन शिकावे. महाभारताचे श्रवण केलेल्या वाचकांस हा विचार परका वाटणार नाही.

४. नित्य आचार व संस्कार

मुलगा जन्मल्यावर आठव्या दिवशी त्याची सुंता करतात. ती आब्राहामाशी झालेल्या कराराची खूण. तेराव्या वर्षी मुलगा धर्मपालनास जबाबदार होतो. त्या प्रसंगास मौंजीबंधनाशी ताडून पाहण्याचा मोह होतो, आणि काही अंशी ते योग्यही आहे. दिवसातून तीन वेळा प्रार्थना सांगितली आहे. सार्वजनिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ व्यक्ती लागतात. परंपरेने हे दहा पुरुषच असत. घराच्या दाराच्या उजव्या बाजूस शास्त्रवचने लिहिलेली गुंडाळी एका लहानशा नळीत घालून लावतात. तीस 'मेझुझा' म्हणतात. येता-जाता तिला स्पर्श करून हात ओठांस लावतात.

आहाराचे नियम कडक आहेत. ज्याचे खूर दुभंगलेले आहेत व जो रवंथ करतो असाच पशू भक्ष्य, डुक्कर निषिद्ध. खवले व पर असलेलाच मासा चालतो. रक्त सर्वथा वर्ज्य, म्हणून वधाची विशिष्ट पद्धत ठरलेली. मांस व दूध एकत्र खात नाहीत. पुष्कळ घरी त्यांची भांडीही निराळी असतात.

सर्वांत थोर व्रत म्हणजे 'शब्बाथ'. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत सर्व काम बंद. धंदा नाही, प्रवास नाही, विस्तव पेटविणे नाही. सूर्यास्तापूर्वी गृहिणी दिवे लावते, द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वचन म्हटले जाते व सारे कुटुंब एकत्र जेवते. कोकणातील बेने इस्राएल घरांत मद्याऐवजी मनुका भिजवून केलेले सरबत वापरण्याची रीत आहे. शब्बाथचा विसावा चाकरासही व बैलासही द्यावा असे शास्त्र सांगते. विश्रांतीलाच धर्म मानणारी ही योजना विचार करण्याजोगी आहे.

५. वर्ष व सण

यहुदी पंचांग आपल्याप्रमाणेच चांद्र-सौर आहे. महिना अमावास्येनंतर चंद्रदर्शनाच्या सुमारास सुरू होतो, आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी १९ वर्षांत ७ अधिक मास धरतात. आपल्याही अधिक मासांचे प्रमाण जवळजवळ तेवढेच पडते. त्यामुळे सणही आपल्या सणांच्या आसपास येतात.

वर्षारंभानंतर दहाव्या दिवशी 'योम किप्पूर' हा प्रायश्चित्ताचा दिवस येतो. सुमारे पंचवीस तासांचा निर्जळ उपवास करून पापांची क्षमा मागतात. मात्र मनुष्याचा अपराध केला असेल तर आधी त्या मनुष्याची क्षमा मागितली पाहिजे. तोवर ईश्वराची क्षमा मिळत नाही असा दंडक आहे. जैन बंधूंच्या क्षमापनेशी हे ताडून पाहावे. नंतर पौर्णिमेस मांडवांचा सण; अरण्यातील भटकंतीची आठवण म्हणून पानांनी शाकारलेल्या मांडवात जेवतात. कोकणात त्यासाठी नारळीच्या झावळ्या कामास येत. हिवाळ्यात आठ दिवस दिव्यांचा 'हनुक्का', फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास 'पुरीम', आणि बहुधा चैत्री पौर्णिमेच्या सुमारास मिसरातील दास्यमुक्तीचा 'पेसाह'. पेसाहात खमीर घातलेले अन्न वर्ज्य. बिनखमिराची भाकर खातात. घरातील सर्वांत लहान मुलाने, आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का, असे विचारावे व वडीलधाऱ्यांनी दास्यमुक्तीची कथा सांगावी अशी योजना आहे. मुलाच्या प्रश्नापासून विधीचा आरंभ व्हावा, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

६. प्रार्थनामंदिर

यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरास 'सिनेगॉग' म्हणतात. कोकणी यहुदी त्यास 'मशीद' असेही म्हणत. आत कोणतीही मूर्ती वा चित्र पूजेस नसते. यरुशलेमच्या दिशेच्या भिंतीत एक कपाट असते. त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेला तोरा, उंची वस्त्रात गुंडाळून ठेवलेला असतो. त्यापुढे नंदादीप तेवत असतो. पुण्याच्या लष्कर भागातील 'लाल देऊळ' म्हणून प्रसिद्ध असलेली विटांची उंच इमारत हे असेच प्रार्थनामंदिर आहे. ते बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी १८६३ ते १८६७ या काळात बांधविले. परंतु ससून घराणे व्यापारासाठी एकोणिसाव्या शतकात आले. आपले खरे शेजारी त्यांच्या कितीतरी आधीपासून कोकणात होते.

७. कोकणातील शनवार तेली

अलिबागजवळ नवगाव येथे एक जहाज फुटले व त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे आम्ही वंशज, अशी बेने इस्राएलांची परंपरागत कथा आहे. ही घटना केव्हाची याविषयी विद्वानांत एकमत नाही. हनुक्काचा सण त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून तो सण सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, ते आले असावेत असे त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी प्रतिपादिले. इतर अभ्यासक पुष्कळ नंतरचा काळ धरतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय अभ्यासात या समाजात यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश असल्याचे दिसून आले.

जहाजाबरोबर त्यांचे ग्रंथ बुडाले असे ते सांगत. हिब्रू भाषा विसरली गेली, तोरा हाती नव्हता, शिकविणारा कोणी नव्हता. ते तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, राहत्या गावांवरून नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर अशी आडनावे लावू लागले. परंतु चार गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत : शेमा मंत्र, आठव्या दिवसाची सुंता, माशाच्या खवल्यांचा नियम आणि शनिवारची विश्रांती. शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे, म्हणून गावकऱ्यांनी त्यांस 'शनवार तेली' हे नाव दिले. पुढे दाविद राहाबी नावाचा यहुदी गृहस्थ तेथे आला. हे आपलेच धर्मबंधू असावेत अशी शंका येऊन त्याने तेथील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे रांधावयास ठेवले. त्यांनी खवले व पर नसलेले मासे बाजूस काढले, आणि त्याची खात्री पटली, अशी कथा आहे. ग्रंथाने जे सिद्ध झाले नसते ते स्वयंपाकघराने सिद्ध केले.

सणही त्यांनी आपल्या परीने जपले होते. फक्त नावे मराठी झाली होती. वर्षारंभास 'नव्याचा सण', योम किप्पूरास 'दार फाळणीचा सण', म्हणजे दारे लावून घरात बसण्याचा दिवस, दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', मंदिरनाशाच्या शोकदिनास 'बिरड्याचा सण' व पुरीमास 'होळीचा सण' म्हणत. शोकदिनी बिरडे का खावयाचे, ते पुष्कळांस सांगता आले नसते; परंतु दिवस चुकला नाही. नवस फेडताना वा मंगलप्रसंगी एलियाहू प्रवक्त्याच्या नावे 'मलिदा' करतात. गोड केलेले पोहे, खोबरे व फळे यांचे ते तबक पाहून कोणाही मराठी गृहिणीस आपल्या घरची आठवण येईल. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली आहे अशी त्यांची श्रद्धा असून, तेथे यात्रेस जाण्याची प्रथा आहे.

येथे एक गोष्ट प्रांजलपणे सांगितली पाहिजे. त्यांनी आपल्यापासून मंगळसूत्र घेतले, हळद-मेंदी घेतली, गोमांसवर्जनही पाळले. परंतु आपल्यापासूनच त्यांनी उच्चनीचतेचा भेदही घेतला. 'गोरे' व 'काळे' असे दोन वर्ग त्यांच्यात पडले आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. शेजाऱ्याकडून माणूस गुण व दोष दोन्ही शिकतो. आपण काय शिकविले याचा हिशेब आपणही ठेवला पाहिजे.

८. कर्नाटकाशी संबंध, कीर्तन व मराठी वाङ्मय

अठराव्या शतकात पुष्कळ बेने इस्राएल इंग्रज कंपनीच्या मुंबई सैन्यात शिरले. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, घरगुती नाव समाजी हसाजी, हा त्यांपैकी एक अधिकारी होता. दुसऱ्या म्हैसूर युद्धात (१७८०–१७८४) तो टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. हा बेने इस्राएल आहे असे कळल्यावर, या लोकांचे नाव कुराणात आले आहे म्हणून टिपूच्या मातेने रदबदली करून त्याचे प्राण वाचविले, अशी आख्यायिका आहे. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन हा नवस त्याने फेडला. १७९६ साली मुंबईत उभे राहिलेले 'शआर हारहमीम', अर्थात दयेचे द्वार, हे बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर होय. मुंबईच्या एका रस्त्यास त्याचे नाव मिळाले.

पुढे शिक्षण वाढले. हिब्रूतील प्रार्थना मराठीत आणण्याचे कार्य जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी मोठ्या परिश्रमाने केले. पेसाहाच्या रात्री वाचावयाची पोथी १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. किहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली. १८८० च्या सुमारास काही तरुणांनी हिंदू कीर्तने ऐकून स्वतःची कीर्तनमंडळी स्थापिली. आख्यान योसेफाचे वा मोशेचे. परंतु वृत्ते साकी, दिंडी व ओवी हीच. आमच्या देवळात कीर्तन ऐकणाऱ्या वाचकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे : हातात झांजा, मुखी मराठी, आणि कथा सीनाय पर्वताची.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, त्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. त्यानंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. येथे आता थोडे हजार उरले आहेत. तेथे गेल्यावरही त्यांची कसोटी संपली नाही. त्यांचे यहुदीपण शुद्ध आहे की नाही असा प्रश्न विवाहाच्या बाबतीत तेथील धर्मपीठाने १९६२ च्या सुमारास उपस्थित केला. समाजाने धरणे धरले, आणि १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत असे जाहीर केल्यावर तो वाद निवळला. ज्यांनी ग्रंथावाचून शतकानुशतके व्रत पाळले, त्यांच्याकडेच पुरावा मागितला गेला! आजही इस्राएलातून त्यांचे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांस अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

९. दोन नाजूक प्रश्न

पहिला प्रश्न मूर्तीचा. यहुदी शास्त्रात मूर्तिपूजेचा कडक निषेध आहे, आणि आम्ही तर मूर्तिपूजक. हा भेद लपवून उपयोग नाही. २००४ साली काही कर्मठ रब्बींनी, तिरुपतीस अर्पण केलेल्या केसांचे टोप यहुदी स्त्रियांनी वापरू नयेत असा निर्णय दिला, तेव्हा हा भेद सर्वांच्या ध्यानी आला. परंतु गोष्ट तेथेच थांबली नाही. २००७ साली दिल्लीत व २००८ साली यरुशलेमात हिंदू धर्माचार्य व इस्राएलचे मुख्य रब्बी यांच्या परिषदा झाल्या. हिंदू लोक सगुण व निर्गुण अशा दोन्ही रूपांत एकाच परमतत्त्वाची उपासना करतात, हे दुसऱ्या परिषदेच्या निवेदनात मान्य करण्यात आले. समोरासमोर बसून विचारल्यावाचून हे घडले नसते.

दुसरा प्रश्न स्वस्तिकाचा. आमच्या उंबरठ्यावर, वहीपूजनात, कलशावर जे चिन्ह आम्ही काढतो, त्याच आकाराचे चिन्ह जर्मनीतील नाझी पक्षाने आपल्या ध्वजावर घेतले आणि त्याखाली १९४५ पर्यंत सुमारे साठ लक्ष यहुद्यांची हत्या केली. आमचे स्वस्तिक मंगल आहे, त्याचा त्या पापाशी काडीमात्र संबंध नाही. तथापि ज्याचे आजोबा-आजी त्या ध्वजाखाली मारले गेले, असा पाहुणा आमच्या दाराशी क्षणभर थबकला तर आम्ही रागावू नये. शांतपणे अर्थ सांगावा. चिन्हाचे पावित्र्य रागाने राखले जात नाही, अर्थ समजावून राखले जाते.

भारतात आम्हांस धर्मासाठी छळ सोसावा लागला नाही, असे बेने इस्राएल कृतज्ञतेने सांगतात. याचा अभिमान बाळगावा, पण अपवादही स्मरावेत. गोव्यात पोर्तुगीजांनी १५६० साली इन्क्विझिशन स्थापिले. गार्सिया द ओर्ता हा विख्यात वैद्य गोव्यातच राहून औषधींवरील ग्रंथ लिहून गेला, तो मुळचा यहुदी वंशाचा. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. त्याच धर्मच्छळाच्या काळात कित्येक हिंदू कुटुंबे देव पाठीशी बांधून घाटावर आली. आणि २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर झालेल्या अतिरेकी हल्ल्यात नरिमन हाऊस या यहुदी केंद्रातील निरपराध माणसे मारली गेली. दुःखाच्या बाबतीतही आपण शेजारी आहोत.

१०. आपणांस बोध

आता शेवटी आपल्याकडे वळू. आम्ही जुन्या हुबळीतील मराठी कुटुंबे. आमची मुले कन्नडमध्ये शिकतात, कन्नडमध्ये खेळतात, आणि ते योग्यच आहे. या भूमीने आम्हांस आश्रय दिला, तिची भाषा ती आमची. परंतु घरातील पोथी कपाटात राहिली, वाचणारे हात थकले, आता पुढे काय, अशी चिंता वडीलधारे वारंवार बोलून दाखवितात. ही चिंता आम्हांसही आहे. पोथ्या छापून वा व्याख्याने देऊन ती मिटणार नाही.

कोकणच्या तेल्यांजवळ पोथी नव्हती, व्याख्याता नव्हता, मंदिरही नव्हते. आठवड्याचा एक दिवस, एक मंत्र, एक संस्कार आणि ताटातील एक नियम एवढेच होते. पण ते प्रत्येक घरात होते आणि चुकत नव्हते. म्हणून शेकडो वर्षांनी कोणी विचारावयास आला तेव्हा उत्तर देता आले. आपण पुष्कळ व्रते अर्धवट पाळतो. त्याऐवजी थोडीच निवडावी आणि ती न चुकता पाळावीत. सांजवात, मुलांसह एक प्रार्थना, एक सण त्याच्या अर्थासह, आणि घरातील सर्वांत धाकट्याला 'हे का?' असे विचारण्याची मोकळीक. उत्तर आले नाही तर आम्ही केले तसे मोघम बोलू नये, शोधून सांगावे. इतके जमले तरी या अभ्यासाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. यरुशलेमचे मंदिर नष्ट झाल्यावर यहुदी धर्म कशाच्या आधारे टिकला?
२. अद्वैतातील एकत्व व यहुदी एकेश्वरमत यांत साम्य कोणते व भेद कोणता?
३. 'शनवार तेली' हे नाव कसे पडले? त्यांनी कोणत्या चार गोष्टी सोडल्या नाहीत?
४. योम किप्पूरच्या दिवशी ईश्वराच्या आधी कोणाची क्षमा मागावयाची असते? आपण अशी क्षमा शेवटी केव्हा मागितली?
५. आपल्या घरातील न चुकता पाळले जाणारे एक व्रत कोणते? त्याचा अर्थ घरातील मुलांस ठाऊक आहे काय?